भिंत फोडायला कोणी सांगितलं

माझ्या निवृत्तीच्या दिवशी बँकेने मला एक मानपत्र दिलं. काचेच्या चौकटीतलं ते मानपत्र अजून आमच्या दिवाणखान्यात आहे. त्यातली चौथी ओळ अशी आहे : 'कोसमटोला शाखेवर आलेला बिकट प्रसंग आपण एकट्याच्या धैर्याने निभावून नेलात.' घरी येणारे ती ओळ वाचतात आणि माझ्याकडे आदराने पाहतात. मग मी चहा सांगतो आणि विषय बदलतो. पंच्याहत्तरी ओलांडल्यावर विषय बदलत बसायला फार दिवस उरत नाहीत, म्हणून आता सांगून टाकतो. ती ओळ खोटी आहे. प्रसंग निभावला तो आमचे रोखपाल शालिक रामटेके यांनी. मी त्या दिवशी तोंडातून एक शब्द काढला होता, आणि पुढे तोही मी माझा नाही म्हणालो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली चंद्रपुरापासून वेगळा होऊन स्वतःचा जिल्हा झाला होता, आणि बँकांना जंगलातल्या गावांत शाखा उघडण्याचे हुकूम सुटले होते. शहरात एक शाखा हवी तर खेड्यांत अमुक शाखा उघडा, असा तो काळ. त्या धांदलीत मला पुण्याहून उचलून कोसमटोल्याला व्यवस्थापक म्हणून टाकलं. कौलारू घर, एक टेबल, एक जुनी बुटकी तिजोरी, तीन दिवस चालला की चार दिवस मुका राहणारा फोन, एक शिपाई आणि रामटेके.

रामटेके नागभीडकडचे. पस्तिशीचे, उंच, सडपातळ. पांढरा सदरा, पॅंटच्या पायाला सायकलचा चिमटा. तो चिमटा ते दिवसभर काढत नसत. कधी कुठे जावं लागेल सांगता येत नाही, म्हणत. काम करताना गुणगुणायची सवय होती, आणि हिशेब जुळला की गुणगुणणं थांबून शीळ सुरू व्हायची. संध्याकाळी शीळ ऐकू आली की शिपाई विचारायचाच नाही, सरळ खिडक्या लावायला घ्यायचा.

त्यांची एक गोष्ट मला पहिल्या आठवड्यातच दिसली. आमची बहुतेक खातेदार माणसं सही न येणारी. अंगठ्याचा ठसा घेतला की शाईने निळा झालेला अंगठा लोक भिंतीला पुसायचे, लुगड्याला पुसायचे, डोक्याच्या केसांना पुसायचे. रामटेक्यांनी खिडकीशी एक वाटी पाणी आणि एक पांढरं फडकं ठेवलं होतं. ठसा झाला की ते समोरच्याचा अंगठा हातात घेत आणि स्वतः स्वच्छ पुसून देत. पुसता पुसता मागच्या माणसाशी बोलणं चालू. मी एकदा म्हटलं, रामटेके, फडकं त्यांच्याच हातात द्या की, वेळ वाचेल.

ते म्हणाले, "साहेब, माह्या बापाचा अंगठा सावकार धरून दाबे, अन् मंग हात असा झटकून दे. घरी येऊन बाप जेवाले बसला का भाताले निळा रंग लागे. आपल्या खिडकीवरून कोणी निळा अंगठा घेऊन जेवाले जाऊ नये."

पुन्हा मी वेळेचं नाव काढलं नाही.

सुरुवातीला गावात फारशी खाती निघेनात. लोक पैसा वेळूच्या नळीत घालून छपरात खोचायचे. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची मजुरी हातात आली की रामटेके सायकलवरून पानं मोजायच्या जागी जायचे, मोहाच्या झाडाखाली सतरंजी टाकून बसायचे. बँक म्हणजे काय याचं भाषण त्यांनी कधी केलं नाही. नळीला वाळवी लागली तर कोणावर रागावणार, एवढंच विचारायचे. माझ्यावर रागावता येते, मी रोज दहा वाजता सापडतो, म्हणायचे.

या मार्गाने आलेली आमची पहिली मोठी ठेवीदार म्हणजे सोमीबाई मडावी. साठीची, काटक, शब्दाला तिखट. दर मंगळवारी बाजाराला आली की ती बँकेच्या पायरीवर टोपली ठेवायची, 'जोहार' म्हणायची आणि एखाद्या नातेवाइकाची चौकशी करावी तशी विचारायची, "रामटेकेभाऊ, माहा पैसा बरा हाये ना?"

"बरा हाये बाई. व्याज खाऊन जाडा होऊन राह्यला."

"खाऊ दे. लेकरू हाये."

मग ती समाधानाने मिरच्या विकायला जायची. एकदा रामटेके आजारी होते म्हणून मीच तिला शिल्लक वाचून दाखवली. आकडा ऐकून ती म्हणाली, तो किती हाये ते मले माहीत हाये, बरा हाये का ते सांग.

ठेवी वाढल्या तशी वरून कर्जवाटपाची घाई सुरू झाली. मार्चपर्यंत अमुक शेळ्या, अमुक बैलजोड्या असे आकडे ठरून यायचे. एका वर्षी सुधारित जातीच्या शेळ्यांचा आकडा आला. रामटेके पत्रक वाचून म्हणाले, "साहेब, गावाभोवती जंगल हाये. याच्यानं टार्गेट आपलं नाई, बिबट्याचं पुरं होईल." कर्ज मागणाऱ्याला नुसतं विचारू नका, त्याच्या बायकोला विचारा, जनावर बांधायला जागा आहे का, असा त्यांचा सल्ला होता. मला आकडा गाठायचा होता. मी जागा न पाहता कर्जं दिली. पावसाळ्यापूर्वीच त्या शेळ्यांच्या कानातले विम्याचे बिल्ले आमच्या टेबलावर परत येऊ लागले, शेळ्यांविना. रामटेक्यांनी ते खिळ्याला अडकवले आणि त्या माळेला 'बिबट्याचं पासबुक' असं नाव दिलं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने हे काय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, आमचा सर्वांत नियमित खातेदार.

आता त्या मंगळवारकडे येतो.

जुनी तिजोरी ठेवींना पुरेना, म्हणून वरिष्ठ कार्यालयाने मोठी पाठवायचं ठरवलं. दाराचं माप मागवलं. मी स्वतः टेप लावून माप घेतलं आणि पाठवलं. जुनी तिजोरी दुसऱ्या शाखेला द्यायची होती. ती सोमवारी दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली. रोकड लोखंडी पेटीत बंद करून दोन पोलिसांच्या पहाऱ्यात पोलीस चौकीच्या कोठडीत ठेवली. नवी तिजोरी मंगळवारी सकाळी येणार होती. कागदावर सगळं बिनचूक होतं. गावाने मात्र काय पाहिलं? तिजोरी ट्रॉलीत बसून निघाली आणि पैशाच्या पेटीला पोलीस घेऊन गेले.

मंगळवारी नऊ वाजताच बँकेसमोर अर्धा बाजार उभा होता. सगळ्यांच्या हातात पासबुकं. सोमीबाई सर्वांत पुढे. आज तिने जोहार केला नाही. म्हणाली, माहा पैसा काढून दे.

मी आत गेलो. बँकेत असलेल्या कोणालाही माहीत असतं की ठेवी जेवढ्या, तेवढी रोकड शाखेत कधीच नसते. ठेवीदाराचा पैसा कोणाच्या विहिरीत असतो, कोणाच्या बैलात, कोणाच्या किराण्यात. रोज थोडेच लोक काढायला येतात, यावर सगळा डोलारा उभा. त्या दिवशी सगळेच आले होते. दुपारपर्यंत पेटी रिकामी झाली असती, आणि रिकामी पेटी एकदा दिसली की ती शाखा पुन्हा उभी राहिली नसती. पैसा परत वेळूच्या नळ्यांत गेला असता, आणि ज्यांच्या नळ्या रिकाम्या होत्या ते परत सावकाराकडे. हे सारं मला कळत होतं, म्हणून मी फोन उचलला आणि चंद्रपूरशी मोठमोठ्याने बोलू लागलो. फोन शनिवारपासून बंद होता. मी मुक्या फोनवर बोलत होतो.

तेवढ्यात ट्रकचा क्लीनर धापा टाकत आला. नवी तिजोरी घेऊन येणारा ट्रक नाल्याच्या रेतीत रुतला होता. चाकं फिरतील तेवढी आणखी खाली जात होती.

ही बातमी ऐकून मी खुर्चीत बसलो. रामटेके ती ऐकून उभे राहिले. त्यांचा चेहरा चक्क खुलला. पायरीवर जाऊन त्यांनी सांगितलं की पैसा कुठे गेलेला नाही, त्याचं नवं घर येत आहे, पण ते नाल्यात फसलं आहे. ज्याला पैसा काढायचा त्याला मी देतो, पण आधी चला, घर काढू.

सोमीबाईने विचारलं, "खोटं निघालं तं?"

रामटेक्यांनी भिंतीला टेकवलेली सायकल आणली आणि तिच्या हातात दिली. "खोटं निघालं तं हे तुमची."

"मले चालवता येत नाई."

"मले तरी बँक कुठी चालवता येते बाई? ढकलून राह्यलो."

पहिलं हसू फुटलं ते तिथे. सगळा जमाव नाल्याकडे निघाला. सोमीबाई अर्धा कोसभर ती सायकल हाताने ढकलत आली, उन्हात, अनवाणी. तारण तिने क्षणभरही सोडलं नाही.

मीही मागून गेलो. नाल्यात ट्रक एका अंगावर झुकला होता आणि वर ताडपत्रीखाली ती काळी, माणसाएवढी उंच तिजोरी. लोकांनी तिला हात लावून पाहिला, ठोकून पाहिलं. या गावातले अर्धे पुरुष लाकडाच्या डेपोवर सागाचे ओंडके ओढलेले. जड वस्तू कशी हलवायची हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. लचमा आत्राम नावाचा एक तरुण पुढे झाला. त्याने ट्रक सोडून द्यायला सांगितलं. फळ्या लावून तिजोरी आडवी खाली घेतली, तिच्याखाली गोल लाकडं सरकवली, दोर बांधले. मागचं लाकूड मोकळं झालं की उचलून पुढे टाकायचं. आणि मग लचमाने साद घातली. डेपोवर अशी साद घालणारा एक असतो. तो मनाला येईल ते म्हणतो आणि बाकीचे ओढत जबाब देतात.

"नवरी आली रेतीतून—"

"हैशा!"

"नवरी खाऊन जाडी हाये—"

"हैशा!"

"साहेब उभा सावलीले—"

"हैशा!"

या ओळीला तिजोरी सर्वांत जास्त सरकली. मी सावलीतून बाहेर आलो आणि दोराला हात लावला. रामटेके दोराच्या सर्वांत पुढे होते, पॅंटला तोच चिमटा. तिजोरीला नवरी म्हटलं जातंय हे कळल्यावर बायांनी तिला हळद-कुंकू लावलं. नवरा कोण, असं कोणी विचारलं. रामटेके म्हणाले, नवरा साहेब, मी आपला नवरीचा मामा. सोमीबाई मागून ओरडली, मामा, नवरीले काही घालून दे, नुसता ओढू नको.

तीन-साडेतीनला आम्ही बँकेपुढे आलो. तिजोरी उभी केली, दारापाशी नेली, आणि ती दारात मावेना. चार बोटं जास्त भरली. मी माप घेतलं होतं ते चौकटीच्या बाहेरून बाहेरपर्यंत. लाकडासकट.

ओढण्याचा गजर थांबला. कोणीतरी हळूच म्हणालं, म्हणजे हे घर तिचं नाई. सोमीबाईने सायकलची मूठ घट्ट धरली. मला दिसलं की सकाळ परत येत आहे. रामटेक्यांनी घाम पुसला, माझ्याजवळ आले आणि विचारलं, "साहेब, भिंत?"

त्यांनी हुकूम मागितला होता. बँकेची भिंत, तीही तिजोरीच्या खोलीची, लेखी मंजुरीशिवाय खिळा ठोकायची सोय नाही. मी लोकांकडे पाहिलं आणि म्हणालो, "फोडा."

मी म्हणालो. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

पहारी आल्या. दाराशेजारची भिंत मोकळी झाली, नवरी आत गेली. गावातल्या गवंड्याने लगेच विटा चढवायला घेतल्या. बाया पाण्याच्या घागरी घेऊन रांगेत. पोलीस चौकीतून पेटी आली. तिजोरीला दोन किल्ल्या, एक माझी, एक रामटेक्यांची. एकट्याला ती उघडत नाही. दोघांनी मिळून उघडली, पेटी आत ठेवली, लावली. मग रामटेके खिडकीत बसले आणि म्हणाले, या, कोणाले काढाचं हाये.

कोणी पुढे येईना. लचमा म्हणाला, हे ओढून पळणारा माणूस अजून पैदा व्हाचा हाये, आमी ओढलं, आमाले माहीत हाये. सोमीबाई पुढे आली. तिने सायकल परत केली, कमरेची पिशवी सोडली, दोन रुपयांची नोट काढली आणि खात्यात टाकायला दिली. नव्या घरात पैशाले एकटं वाटू नये, म्हणाली. रामटेक्यांनी तिचा अंगठा घेतला आणि पुसून दिला. त्यांच्या स्वतःच्या तळव्यांना दोराने फोड आले होते.

इथे थांबता आलं असतं तर ही गोष्ट नुसती आनंदाची झाली असती.

महिन्याभराने सुरक्षा विभागाचा अधिकारी आला. भिंतीवरचा नवा गिलावा त्याच्या डोळ्यांत भरला. कोणाच्या आदेशाने फोडली? माझी पदोन्नतीची मुलाखत तोंडावर होती. चौकटीच्या मापाची चूकही माझीच. मी लेखी दिलं : मी त्या वेळी चंद्रपूरला ट्रंक कॉलवर होतो, भिंत रोखपालांनी माझ्या परवानगीशिवाय फोडून घेतली, जमावाची समजूत मी घातली. चौकशी झाली. रामटेक्यांच्या दोन वेतनवाढी थांबल्या, अधिकारी होण्याच्या यादीतून नाव गेलं, बदली माजरीला झाली. चौकशीत त्यांना माझं पत्र वाचून दाखवलं होतं. फोन बंद होता हे सांगायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं. ते बोलले नाहीत. मी पुढे चढत गेलो.

जायच्या दिवशी ते सायकलला ट्रंक बांधून माझ्याकडे आले. मी खुर्चीतून उठलो. ते म्हणाले, "साहेब, पुढे माप घेसान तं चौकट सोडून घ्या." आणि हसले. त्या हसण्यात बोचणारं काही नव्हतं, आणि मला तेच अजून बोचतं. गेल्यावर पाहिलं तर फडकं आणि वाटी खिडकीशी ठेवून गेले होते, धुऊन.

गेल्या हिवाळ्यात मी खरं काय ते एका कागदावर लिहून काढलं आणि बँकेकडे गेलो. बँक आता दुसऱ्या बँकेत विलीन झाली आहे. तिथल्या मुलाने नम्रपणे सांगितलं की इतक्या जुन्या फायली ठेवत नाहीत. मग मी रामटेक्यांचा पत्ता काढून नागभीडला गेलो. ते अंगणात धान वाळवत होते. केस पांढरे, पाठ सरळ. कागद त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि घडी घालून मला परत दिला. म्हणाले, माह्यापाशी काऊन आणला, मले तं हे माहीतच हाये. ज्यांनी ओढलं त्यांले वाचून दाखवा. आणि मुलाला गाडी काढायला सांगितलं.

कोसमटोल्याची शाखा अजून तिथेच आहे. पाटी नवी, दाराशेजारच्या भिंतीवर गिलाव्याचा वेगळा चौकोन जुनाच. समोरच्या पारावर लचमा सापडला, दात गेलेला. सोमीबाई राहिली नाही. दहा-बारा म्हातारी माणसं जमली. मी उभा राहून कागद वाचला. 'भिंत फोडण्याचा आदेश माझा होता' एवढं वाचून वर पाहिलं तर लचमा तोंडावर गमछा धरून हसत होता. मग सगळेच हसू लागले.

लचमा म्हणाला, "साहेब, हे तं साऱ्या गावानं आयकलं होतं. पोट्टे कित्येक साल हाच खेळ खेळत. एक जण असा पुणेरी तोंड करून म्हणे, फोडा. अन् बाकीचे पळत."

मी चाळीस वर्षं उशाखाली घेऊन झोपलो ते गुपित या गावातल्या पोरांचा खेळ होता. मी रामटेक्यांकडे वळून विचारलं, एवढे साक्षीदार होते, तुम्ही एकालाही का बोलावलं नाही?

"चौकशी नागपूरले होती. धानाच्या रोवणीचे दिवस होते साहेब. तीन दिवस माणूस नेला असता तं त्याचं वावर रिकामं राह्यलं असतं. माह्या दोन वेतनवाढीपायी?"

लचमा म्हणाला, कागद इथीच राहू द्या, पण सही नाई यावर. खरंच, सही राहिली होती. आणि मला ती करता येत नाही. दोन वर्षांपासून हात थरथरतो, पेन्शनसाठीसुद्धा बँकेत अंगठाच घेतात. मी तसं सांगितलं. रामटेके उठून शाखेत गेले आणि शाईचं पॅड मागून घेऊन आले. मी कागदावर अंगठा उमटवला. निळा, थोडा फराटलेला.

मी तो रुमालाला पुसायला हात मागे नेला, तर त्यांनी मनगट धरलं. खांद्यावरच्या पांढऱ्या पंच्याचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि माझा अंगठा पुसायला घेतला. पुसता पुसता ते मागे बसलेल्या लचमाला विचारत होते, यंदा धान कसं झालं. लचमा सांगत होता. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. पण शाईचा शेवटचा डाग जाईपर्यंत त्यांनी अंगठा सोडला नाही.